सुगीतली चार मिनिटं

वडूजला आल्यापासूनची ही माझी दुसरी सुगी. फेब्रुवारी अर्धा सरला की इथली हवा बदलते. सकाळी शाळेच्या फाटकाशी गाडी लावताना घशात भुशाची बारीक कूस जाते आणि कळतं, जवळपास कुठंतरी ज्वारीचं मळणी मशीन सुरू झालंय. मैदानाच्या भिंतीपलीकडं कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचलेल्या दिसतात. नववी-दहावीतल्या निम्म्या मुली दुपारनंतर गायब होतात आणि दुसऱ्या दिवशी तळहात ओरबाडून घेऊन येतात. मुलं खोकतात, मी खोकते, फळ्यावरची धूळ आणि रानातली धूळ एकमेकींत मिसळून जाते. डॉक्टर म्हणतात, ॲलर्जी आहे. असेलही.

गेल्या शनिवारी शिक्षकखोलीत मोठ्या बाईंनी सगळ्यांना एकेक कागद दिला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. येत्या जूनपासून आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून तीन दिवस घरचा मोबाईल वर्गात आणायचा, त्यावर शिकायचं. पालक सहजासहजी तयार होणार नाहीत, म्हणून शिक्षकांनी आत्तापासूनच घरोघर जाऊन त्यांना पटवायचं. कोणी कुठल्या वस्तीवर जायचं याची यादी खाली होती आणि यादीत पहिलं नाव माझं होतं. मोठ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हांला अनुभव आहे ना बाई! जतकडच्या शाळेत तुम्हीच तर हे सगळं उभं केलंत."

अनुभव आहे खरा. मी कागदाची घडी केली आणि सही न करता पर्समध्ये टाकला.

जत तालुक्यातल्या त्या शाळेत मी अकरा वर्षं मराठी शिकवलं. मी मूळची वाईची. कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसण्यात माझं बालपण गेलं, त्यामुळं पाणी टँकरनं येतं हे मला तिथं गेल्यावर समजलं. निम्मं गाव कानडी बोलायचं, निम्मं मराठी, आणि भांडायला लागले की सगळे दोन्ही बोलायचे. सुरुवातीला माझं मराठी ऐकून मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. मी "कणीस" म्हणाले की ती आणखी चार शब्द सांगायची, कोवळं असतानाचा एक, भरल्यावरचा एक, चिमणीनं खाल्लेल्याचा वेगळाच. मी वहीच घातली होती त्या शब्दांची. पाठ्यपुस्तकातल्या कवितांपेक्षा त्या वहीवर माझा जास्त जीव होता, हे आता सांगायला हरकत नाही.

तिथल्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. उत्साही माणूस. एका दिवाळीनंतर त्यांनी शाळेच्या दारावर फलक लावला, 'माझा मोबाईल, माझा वर्ग'. फलकावर गोऱ्यागोमट्या शहरी मुलांचं चित्र होतं, सगळ्यांच्या हातात चकचकीत फोन. आमच्या मुलांनी प्रत्यक्षात आणले ते फोन पाहायला हवे होते. काचेवर चिकटपट्टी, पाठीला रबरबँड. एकाचा फोन डोक्यावर उलटा धरला तरच त्याचा आवाज ऐकू यायचा. एकीच्या फोनवर म्हशीचा फोटो, कारण म्हैस नुकतीच व्याली होती. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही फौजेतल्या भावानं नवा घेतल्यावर मागं दिलेला. म्हणून मी वर्गात एक नियम केला, फौजीचा फोन आला तर उचलायचा, बाकी कुणाचा नाही. मग व्याकरणाच्या मधेच एखादा फोन वाजायचा, पोरगा उभा राहायचा, आणि पडद्यावर बर्फात उभ्या असलेल्या त्याच्या दादाला सगळा वर्ग हात हलवायचा. दादा विचारायचा, "काय चाललंय रं?" आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडायची, "समास!"

मला ते दिवस फार आवडले होते. हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी काही फोनच्या नावानं बोटं मोडणारी जुनाट बाई नाही. मी त्या फोनवर भाळले होते. इतकी, की ज्या घरांनी नाही म्हटलं त्या प्रत्येक घरी मी स्वतः चालत गेले.

त्यातलं एक घर मायव्वाचं. नावं मी बदलली आहेत. तेवढ्यानं भागत नाही हेही मला कळतं. मायव्वाची मुलगी महादेवी माझ्या दहावीच्या वर्गात होती. हुशार, पण हात वर न करणारी. विचारलं तर उत्तर द्यायची आणि लगेच खाली बसायची. घर मेंढरांचं. बाप, बिराप्पा, दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठाकडं जायचा. तिकडचे बागायतदार खतासाठी मेंढ्या रानात बसवून घेतात, त्यासाठी बोलावून नेतात. तो परत यायचा तो पावसाच्या तोंडाला. बरोबर बटणांचा साधा फोन न्यायचा. मोठा फोन घरी असायचा, मायव्वाकडं.

मायव्वा अंगणात शेणाचा हात फिरवत होती. माझं सगळं भाषण तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन शाळंत गेला म्हंजी घरात काय ऱ्हायलं बाई?"

"तीनच दिवस. आणि संध्याकाळी परत येतोच की."

"त्यात आमचं समदं असतंय. माज्या भावाचं बोलणं, पोरींचं फोटू. दुसरं कोण बगायचं न्हाई न्हवं?"

"कुणी नाही. महादेवी जे मला पाठवेल ते माझ्यापाशी राहील. माझा शब्द आहे."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी शब्द दिलाय म्हनल्यावर नेऊ दे की," म्हणाली. दुसऱ्या दिवशी महादेवी फोन घेऊन आली तो खणाच्या कापडाच्या पिशवीत घालून. आईनं जुन्या चोळीतून शिवली होती, वर नाडीसुद्धा होती. मी ती पिशवी सगळ्या वर्गाला दाखवली.

फेब्रुवारीत सुगी आली. तिकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. बायका ओळीनं वाकून उपटत जातात, मग कणसं मोडायला बसतात. आणि कणसं मोडताना बोलतात. काय बोलत नाहीत ते विचारा. सासू, नवरा, दुखणी, माहेर, शेजारणीचं बाळंतपण, सगळं निघतं. मात्र ते बोलणं घरी न्यायचं नाही, अशी तिकडच्या बायकांची रीत आहे. कुणी ती ठरवलेली नाही आणि कुणी मोडतही नाही. सकाळी ज्या सुनेनं सासूचा उद्धार केला तिच्याच शेजारी बसलेली नणंद संध्याकाळी घरी जाऊन अवाक्षर काढत नाही. मी एक-दोनदा त्यांच्यात बसले होते. मलाही त्यांनी वगळलं नव्हतं, ह्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

आणि मला सुचलं. तोंडी परीक्षेसाठी मुलांनी घरच्या मोठ्या माणसाला सुगीचे शब्द विचारायचे आणि फोनवर आवाज भरून घ्यायचा. चार मिनिटं. ते मला वर्गाच्या ग्रुपवर पाठवायचं. ग्रुप मोठ्या सरांनी करून दिला होता, मुलांनी पाठवलेलं फक्त शिक्षकांना दिसेल असा, त्यामुळं तेही त्यात होते, पण ते कशाला ऐकायला बसतात, असं मी धरून चालले.

आठवड्यात अडतीस आवाज आले. मी मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता, कानाला फोन लावून ऐकत बसायची. कडब्याची सळसळ, कोंबड्या, मधेच कुणाचं तरी "आवं, हिकडं बगा की", आणि मग शब्दांमागून शब्द. खरं सांगायचं तर मी प्रत्येकाचं पहिलं मिनिट ऐकत होते. अडतीस गुणिले चार म्हणजे किती होतात, आणि उत्तरपत्रिका पडल्या होत्या, आणि सराव परीक्षा डोक्यावर होती. कारणं भरपूर होती. प्रत्येकाखाली मी लिहीत गेले, 'छान! फारच सुंदर!' आणि एक फूल.

मायव्वाचं पहिलं मिनिट सगळ्यांत गोड होतं. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, हे सांगताना ती हसते आणि म्हणते की माज्या पोरीला समास येत्यात पर पाचुंदा बांदायला येत न्हाई. मी ते मिनिट वर्गात सगळ्यांना ऐकवलं. महादेवी खाली मान घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, ऐकलं?"

"ऐकलं की. आई किती गोड बोलते गं तुझी!"

"समदं ऐकलं?"

"हो गं, सगळं."

"मग?"

"मग काय? पैकीच्या पैकी!" मी म्हणाले.

मी तपासत असलेल्या वहीचं पान उलटलं. ती जागेवर जाऊन बसली.

रविवारी दुपारी वाईहून माझ्या भावाचा निरोप आला. एक आवाजाची फीत आणि खाली त्याचे शब्द, 'ऐक, तुमच्या जतकडची बाई बघ कसली भारी आहे!' पुढं हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. त्याला ती त्याच्या मित्रानं पाठवली होती, मित्राला आणखी कुणी. मी लावली. कडब्याची सळसळ. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा.

मी शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या मिनिटातही ज्वारीच होती. तिसऱ्यात सळसळ थांबली. बाकीच्या बायकांचे आवाज मागं गेले, म्हणजे ती उठून लांब बांधाकडं आली असणार. आणि मग मायव्वा हळू आवाजात माझ्याशी बोलायला लागली. "बाई" म्हणून माझ्याशीच. तिला लिहायला येत नव्हतं. ते तिचं मला पत्र होतं.

तिचे शब्द मी इथं लिहिणार नाही. सगळ्या तालुक्याला ते पाठ झाले होते, तेवढं पुरे. मजकूर असा होता, की रानोमाळ कळपाबरोबर भाकरी करणारी सासू आता थकली आहे, म्हणून सुगी संपली की महादेवीला कळपाकडं लावून दे असं बिराप्पानं सांगितलंय. मायव्वानं त्याला न विचारता मुलीचा दहावीचा फॉर्म भरलाय. आपण बोललो तर तो ऐकायचा नाही, पण मास्तरांच्या शब्दाला तो मान देतो. तेव्हा बाईंनी त्याला एक फोन करावा आणि पोरीला परीक्षेपुरती ठेवा म्हणून सांगावं. आपण सांगितलं हे मात्र कळू देऊ नये. पुढं आपला नवरा कसा हट्टी आहे आणि त्याला कसा वळवायचा असतो, हेही तिनं एका बाईनं दुसऱ्या बाईला सांगावं तसं सांगितलं होतं. ती हसलीही होती मधे. शेवटी तिनं त्याचा नंबर सांगितला होता, एकेक आकडा, सावकाश, मला लिहून घेता यावा म्हणून.

तो नंबर मी सोडून सगळ्यांनी लिहून घेतला होता.

सोमवारी मी तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेले. त्यांनी ती फीत तालुक्यातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकली होती, 'आमच्या शाळेचा उपक्रम' म्हणून. त्यांनीही पहिलंच मिनिट ऐकलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, "अहो बाई, डिलीट केलं की मी लगेच!"

"सर, मी त्या बाईला शब्द दिला होता."

"शब्द कुणाला, कशाचा? ग्रुप शाळेचा असतो. आणि वाईट काय झालं त्यात? शाळेचं नाव झालं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही तरी कुठं ऐकलं होतंत? ऐकलं असतंत तर मला आधी सांगितलं असतंत ना."

ह्या माणसाचा मला आजही राग येतो. विश्वासानं हातात दिलेली चीज त्यानं जत्रेतल्या खेळण्यासारखी वाजवली आणि वर मलाच विचारलं. तीन वर्षं मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडते आहे, आणि प्रत्येक भांडणात शेवटचं वाक्य त्याचंच असतं. कारण ते खरं आहे. त्यानं मला फसवलं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण मायव्वाला सरांनी शब्द दिला नव्हता, तो मी दिला होता.

बिराप्पा बुधवारी एसटीनं आला. कळप भावाच्या हवाली करून. तो वाईजवळच्या एका उसाच्या रानात होता, माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या रानमालकाच्या मुलानं त्याला फोनवर त्याच्या बायकोचा आवाज ऐकवला होता. त्यानंतर तीन दिवस अनोळखी माणसं त्याला फोन करून विचारत होती, काय पाव्हणं, बायकू कशी वळवती तुमाला?

मी गेले तेव्हा तो बाभळीखाली बसला होता. उंच, सावकाश बोलणारा माणूस. माझ्यासाठी त्यानं स्वतः उठून पोतं अंथरलं. मायव्वा आत होती, बाहेर आली नाही. मी हात जोडले आणि म्हणाले, चूक माझी आहे, पण पोरीची परीक्षा आठ दिवसांवर आलीय, तिला बसू द्या.

"बाई, ह्योच फोन तुमी मला केला असता तर मी व्हय म्हनलो असतो," तो म्हणाला. "तुमी इचारल्यावर मी न्हाई कसं म्हननार? चार मह्यनं कसंबी काडलं असतं. हातानं भाकरी थापल्या असत्या."

"मग आता म्हणा की हो."

"आता कसं म्हनू?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. "आता व्हय म्हनलं तर बायकूनं वळवला म्हनून मरंस्तवर हसत्यात. आवं, आमी बारा वाटा फिरणारी मानसं. दर साली त्याच रानात बसायचं, त्याच लोकांच्या तोंडाकडं बगायचं. माजं व्हय म्हननं तुमी माज्या हातात ठिवलंच न्हाई."

मी खूप बोलले. मुलीचं आयुष्य, शिक्षण, काळ बदललाय, जे जे फलकावर लिहितात ते सगळं. तो ऐकत होता, मान हलवत होता. मला पाणी हवं का, असं त्यानं मधे विचारलं.

निघाले तेव्हा मायव्वा दारात आली. ओरबाडलेले हात, डोक्यावर पदर. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि मी त्यासाठी तयार होते. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमी ऐकलंच न्हाई व्हय?"

मी चपला घातल्या आणि वाटेला लागले. महादेवी गोठ्याच्या आडोशाला पाठमोरी उभी होती. तिला वाटलं असणार, की बाईंनी सगळं ऐकलं, विचार केला, आणि पैकीच्या पैकी गुण देऊन वही मिटली. मी खोटं बोलले होते, हे तिला सांगणं त्याहून बरं ठरलं असतं का, मला अजून उमगलेलं नाही.

मार्चमध्ये मराठीचा पेपर आला. बाकावर खडूनं लिहिलेला तिचा बैठक क्रमांक तसाच राहिला. त्या वर्षीच्या सुगीत पुढं ज्या बायकांची कणसं मोडायची राहिली होती, त्या म्हणे गप्प बसून मोडायच्या. कुणाच्याही पोरीच्या हातात फोन दिसला की उठून जायच्या. मी परत कधी त्यांच्यात गेले नाही. बोलावलं असतं तरी गेले नसते. शब्दांची माझी वही तिथंच थांबली. त्याच उन्हाळ्यात मी संस्थेकडं बदली मागितली आणि वर्षभरानं वडूजला आले.

गेल्या शनिवारी शाळा सुटताना मोठ्या बाईंनी मला हाक मारली. "सही राहिलीय तुमची यादीवर."

"मी जाणार नाही घरोघर," मी म्हणाले.

"का? कारण काय?"

"कारण सांगायला चार मिनिटं लागतील. ऐकता का?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. वाईट नाहीत त्या. चांगल्या आहेत, कामसू आहेत, मुलांच्या भल्यासाठीच सगळं करतात. म्हणाल्या, "थोडक्यात सांगा ना." मला हसूच आलं. त्यांना ते आवडलं नसावं.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, दहिवडीच्या वाटेवर मला एक कळप दिसला. ज्वारी निघून गेलेल्या रानात मेंढ्या धसकटं हुंगत फिरत होत्या. मी गाडी उगाचच थांबवली. मेंढरांचे कळप दिसले की मी थांबते, तीन वर्षांची सवय आहे, आणि दर वेळी माणसं दुसरीच निघतात. ह्या वेळी तीन दगडांच्या चुलीपाशी उंच अंगाची एक तरुण मुलगी भाकरी थापत होती. तिच्या कमरेला खणाच्या कापडाची पिशवी खोवलेली होती, नाडी ओढून बांधलेली.

तिनं मला लांबूनच ओळखलं. उठली नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "या बाई. बसा."

मी धसकटांत बसले. बिराप्पा पलीकडच्या बांधावर पाठमोरा होता, त्यानं वळून हात वर केला. म्हातारी आजी कशी आहे, आई कशी आहे, असलं काहीतरी विचारून झालं. मग मी घाईघाईनं मनातलं बोलून टाकलं, की अगं, शाळेत न जाताही सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते, मी पुस्तकं पाठवते, वाटेवर जिथं असशील तिथं येऊन शिकवते, फक्त तू काय म्हणतेस ते सांग.

महादेवीनं भाकरी उलटली. माझ्या मांडीवरच्या पर्सकडं बोट केलं.

"आदी त्यो फोन बंद करा," म्हणाली.

"बंदच आहे गं, पर्समध्ये–"

"तसा न्हाई. पार बंद करा. आन् तितं गाडीवर ठिवून या."

मी उठले. फोन काढला आणि तिला दिसेल असा धरून बंद केला, पडदा काळा होईपर्यंत. गाडीपर्यंत चालत गेले, सीटवर फोन ठेवला. पर्समध्ये हात गेलाच होता, तर तो यादीचा कागदही काढला आणि त्याच्याखाली दाबून ठेवला. सोमवारी तो मी मोठ्या बाईंना बिनसहीचाच परत दिला. धसकटं पायांना टोचत होती. परत येऊन मी तिच्यासमोर बसले, रिकाम्या हातांनी.

मग ती बोलली. बराच वेळ. आईबद्दल, बापाबद्दल, माझ्याबद्दलही बोलली, आणि ते ऐकायला सोपं नव्हतं. मधे दोन भाकऱ्या करपल्या. सतरा नंबरच्या फॉर्मचं तिनं काय ठरवलं तेही सांगितलं. ते मी मोठ्या बाईंना सांगितलेलं नाही, भावाला नाही, आणि इथंही लिहिणार नाही. ते माझ्यापाशी आहे. ह्या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं.